हेलेदची भूक

"ठेव ती बशी. हेलेद, खाली ठेव म्हणते ना!"

तेगवेनने मुलीच्या हातातली केकची बशी काढून घेतली, तशी चॅपेलमागच्या खोलीतली कुजबुज थांबली. सुगीची उपासना नुकतीच संपली होती. पाळकबुवांच्या प्रवचनाने शेवटी असा सूर धरला होता की बोलणं कुठे सरलं आणि गाणं कुठे लागलं ते कळू नये. चोवीस वर्षांची हेलेद पहिल्या बाकावर त्या सुरात डोलत होती. देवा, एवढं तरी हिला राहू दे, असं तेगवेनने मनोमन मागितलं होतं. साऱ्या वेल्समध्ये हेलेदला वेडी न म्हणणारी ही एकच जागा होती.

"अगं, सणाचा दिवस!" ग्वेन्दा आन्टी चहाची किटली आपटत म्हणाली. "शाळेतल्या पोरांना रांधून घालतेस, आणि पोटच्या पोरीच्या तोंडचा घास काढतेस?"

"तिचं पोट नाजूक आहे, आन्टी."

"हे नाजूक?" कुणीतरी फिदकन हसलं.

आजाराचं खरं नाव तेगवेनने कधी सांगितलंच नाही. प्रेडर-विली सिंड्रोम. बापाकडून येणाऱ्या पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्माआधीच गळालेला. यात दोष कुणाचाच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण 'बापाकडून' एवढं ऐकलं की गाव तिच्या मेलेल्या नवऱ्याचं सगळं घराणं उकरणार, हे तिला ठाऊक होतं.

इस्पितळातल्या मेंदू-मानसतज्ज्ञ डॉ. प्रॉसर बाई दर भेटीत सांगत, "पोट भरल्याचा निरोप तिच्या मेंदूला पोचतच नाही. ती हावरट नाही, आणि तुम्ही दुष्ट नाही. पण लोकांना सांगा हो. एकट्या किती पहारा द्याल?"

तेगवेन मान डोलवायची आणि घरी येऊन गप्प बसायची.

त्या दिवशी कप विसळायची पाळी तिची होती. तिचे हात साबणात असताना एकेका बाईने हेलेदला कोपऱ्यात बोलावलं. बिचारी, माझ्याकडचा एकच खाऊ दे, असं प्रत्येकीला वाटलं. कुणी पेस्ट्री दिली, कुणी केक, कुणी लोणी लावलेला पाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलेद न्याहारी मागत होती. अशा मुलांना उलटी होत नाही, दुखलेलंही नीट कळत नाही. तेगवेनने तिच्या पोटाला हात लावला. ते ढोलासारखं ताठ झालं होतं.

इस्पितळात जठराचा ताणून मेलेला भाग कापून काढावा लागला. पोर वाचली. "पुन्हा झालं तर सांगता येणार नाही," सर्जन म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ग्वेन्दा आन्टी आली, कोटाआड डबा घेऊन. "अशक्त झाली असेल, म्हटलं..."

तेगवेनने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. आन्टीचा चेहरा उतरत गेला.

"मी एकच तुकडा दिला होता गं."

"हो. सगळ्यांनीच एकेक दिला."

"आधी का नाही बोललीस, बाई?"

तेगवेनने तिच्या मांडीवरचा डबा उचलून आपल्या बाजूला ठेवला.

"चहाच बंद करू आपण," आन्टी डोळे पुसत म्हणाली. "नको तो चहा!"

"आणि लग्नं? मयतं? शेजारची दारं? आन्टी, मी थकले गं आता."

डॉ. प्रॉसर बाईंनी समुद्राकाठच्या एका घराबद्दल सांगितलं होतं. तिथे हाच आजार असलेली माणसं राहत, आणि त्यांना समजून घेणारी माणसं पाळीपाळीने जागी असत. पानगळ संपता संपता तेगवेन हेलेदला तिथे घेऊन गेली.

दारातच हेलेदने विचारलं, "जेवण कधी?"

"साडेबाराला," तिथली ताई म्हणाली. "रोज. आधी नाही, उशिरा नाही, आणि मागून जास्त मिळत नाही."

आता आकांत होणार, असं तेगवेनला वाटलं. पण हेलेदचे खांदे सैल पडले. असे सैल पडलेले ते तेगवेनने कधी पाहिले नव्हते.

"मग ठीक," हेलेद म्हणाली आणि मागे न बघता आत गेली.

वळणावर तेगवेनने गाडी थांबवली. पिशवीत एक सफरचंद होतं. इतकी वर्षं ती न्हाणीघरात नळ सोडून उभ्याने खात आली होती, चावल्याचा आवाज हेलेदपर्यंत जाऊ नये म्हणून. तिने चावा घेतला. केवढा मोठा आवाज झाला! ती क्षणभर थांबली, सवयीने. कुणीच आलं नाही. मग देवाचं नाव घेऊन ती सावकाश खात राहिली.