बसणारे सर

त्या क्लासमध्ये एकाच माणसाचे दोन सर होते. भिंतीएवढ्या पडद्यावर फिजिक्स शिकवणारे ते मोठे सर, आणि मागे खुर्चीवर बसून पोरं डुलक्या काढत नाहीत ना हे बघणारे ते बसणारे सर. नावं पोरांनीच ठेवलेली. फरक एवढाच, की पडद्यावरच्या सरांच्या डोक्यावर अजून भरपूर केस होते.

क्लास सरांच्या मेहुण्याचा. काही वर्षांपूर्वी त्यानेच सगळे धडे रेकॉर्ड करून घेतले. "भाऊजी, एकदाच घसा कोरडा करा, मग आयुष्यभर आराम!" आराम कसला डोंबलाचा! खाली क्लास, वर घर, तेही मेहुण्याचंच, आणि मध्ये एक जिना. सर तोच चढायचे आणि तोच उतरायचे.

बरं, बसून बसूनही दिवस ढकलता आले असते. पण घर्षणाच्या धड्यात मोठ्या सरांनी घोळ घालून ठेवला होता. दिवसभर बोलून जीव मेटाकुटीला आलेला, त्यात ठोकळा उतारावर वर ओढताना घर्षणाचा बाणही वरच काढला. घर्षण उलट्या बाजूने अडवतं, बाण खाली हवा. आणि वर तोंड करून म्हणाले काय, तर "डोळे मिटून विश्वास ठेवा माझ्यावर. कळलं?"

"हो सर!" पोरं दरवर्षी पडद्याला सांगायची.

यंदा मात्र सरांना राहवलं नाही. त्यांच्या खुर्चीपुढच्याच बाकावरची चष्मेवाली तोच बाण वहीत उतरवत होती. सर वाकून कुजबुजले, "बाळा, खाली." तिने मान डोलावली आणि बाण खोडून खाली काढला. किती वर्षांनी कुणीतरी त्यांचं ऐकलं होतं! त्या दिवशी सरांना जेवण गोड लागलं.

रविवारच्या चाचणीत नेमका तोच ठोकळा आला. उत्तरं तपासली गेली ती व्हिडिओवरून बनवलेल्या उत्तरसूचीने. चष्मेवालीचे त्या ठोकळ्यावरचे सगळे प्रश्न चुकले, वर उणे गुण, आणि ती पहिल्या बॅचमधून थेट तिसऱ्या बॅचमध्ये जाऊन पडली. तिचे वडील सगळ्यांदेखत तिला वाट्टेल ते बोलले. तेव्हाही सर खुर्चीवर बसूनच होते.

मग मात्र ते तडक मेहुण्याकडे गेले. "अरे, चूक माझी आहे. तो धडा परत रेकॉर्ड करू. प्रवेश परीक्षा तोंडावर आलीय, पोरं हेच लिहून येतील."

"करू की! पण भाऊजी, तेवढे केस कुठून आणू?" मेहुणा हसला, मग त्याने दार लोटून घेतलं. "व्हिडिओ सगळ्या शाखांत गेलाय, पुस्तकं छापून झालीत. आता चूक म्हणालो तर पालक उभा सोलतील मला. आणि ताईला काय सांगाल? घर सोडतोय म्हणून?"

ताई, म्हणजे सरांची बायको, सगळं ऐकून म्हणाली, "एका बाणापायी माझ्या भावाशी वाकडं घेऊ नका हं."

तिसरी बॅच धड्यांत जरा मागे असायची. तिथे घर्षण लागलं, तेव्हा सर मुद्दाम चष्मेवालीच्या बाकाशी गेले. "हे बघ, चाचणीचं जाऊ दे. खऱ्या परीक्षेत बाण खालीच काढ. व्हिडिओत मीच चुकलोय."

तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"सर, त्या दिवशीही तुम्ही असंच कानात सांगितलं होतं," ती म्हणाली. "खरं असेल तर मोठ्याने सांगा ना. सगळ्यांना."

सरांनी मान वर केली. काचेच्या दारापलीकडे मेहुणा फोनवर बोलत उभा होता, नजर आत. सरांनी तोंड उघडलं. अरे, बोल की माणसा!

"डोळे मिटून विश्वास ठेवा माझ्यावर," मोठे सर खणखणीत आवाजात म्हणाले. "कळलं?"

"हो सर!" अख्खा वर्ग म्हणाला.

चष्मेवालीने बाकाशी उभ्या सरांकडे एकदा पाहिलं. मग तीही "हो सर" म्हणाली आणि तिने बाण वर काढला.

सर मागे जाऊन खुर्चीवर बसले.