काचेवरचा तळवा

थंडी सुरू झाली तशी तिने बाळाच्या खोलीतल्या खिडकीची फट न फट चिकटपट्टीने बुजवून टाकली. वाऱ्याची झुळूक म्हणून आत यायला नको. लंगोट वाळायची दोरीही तिथेच, हीटरवर. तरी बाळाचा खोकला काही हटेना.

रोज सकाळी काच आतून पांढरी झालेली असायची आणि खालच्या कोपऱ्यात इवल्याशा हाताचा तळवा उमटलेला. पाच बोटं, स्पष्ट. बाळ तर अजून कुशीवरही वळत नव्हतं. ती फडक्याने पुसायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. नवरा म्हणाला, तुझी झोप होत नाही, दुसरं काही नाही. सासूबाईंनी पाळणा उचलून कपाटाशी नेला.

तिथे खोकला वाढलाच. मग तिने कपाट ओढलं. मागची भिंत काळीभोर, ओली, हाताला मऊ लागली.

पूर्वी हे घर रंगवून गेलेल्या रंगाऱ्यालाच बोलावलं. त्याने भिंत चाचपली आणि सांगितलं, गळतीबिळती काही नाही.

"हे पाणी तुमचंच आहे, ताई. तुमचे श्वास, ओले कपडे. बाहेर जायला वाट नाही, मग गार भिंत दिसली की बसतं तिथे."

तिने काचेकडे बोट दाखवलं. तो हसला. तेलकट हाताचा जुना ठसा, म्हणाला. वाफ तिथे धरत नाही. नुसत्या फडक्याने कसा जाईल, साबण लावा. तिचा जीव भांड्यात पडला.

"पण कुणाचा?"

तो नखाने खिडकीची चिकटपट्टी सोलत होता. तिच्याखाली दुसरी निघाली, पिवळी पडलेली, त्याने स्वतःच वरून रंग मारलेली. तो जरा ओशाळला.

"तुमच्याआधी इथे राहायच्या त्या बाईंनीही खिडकी अशीच बंद केली होती. त्यांचं लेकरूही खोकायचं."

"मग?"

रंगारी सोलतच राहिला.

तिने त्याला बाजूला सारलं, दोन्ही पट्ट्या ओरबाडून काढल्या, खिडकी सताड उघडली. गार वारा आत घुसला. काचेवरची वाफ विरत गेली, एकेक बोट करत तळवाही.

सासूबाई साबणाचं पाणी घेऊन आल्या. बाळाला पदराखाली धरून ती काचेकडे बघत उभी होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "तो दिसला की कळेल मला, खिडकी उघडायची ते."