कडू घास

राजरत्नच्या घरची चूल थंड होती, म्हणून धनाजीनं आपल्या घरून पिठलं-भाकरी बांधून आणली. मयताच्या घरी कडू घास जवळच्या माणसानं भरवायचा असतो. आणि धनाजीइतकं जवळचं होतं कोण? सांगलीत दोघं हळदीच्या पेढीवर कामाला, दिग्विजयबरोबर एकाच खोलीत राहायचे, एकाच ताटात जेवायचे.

सुट्टीला दोघं गावी आले. राजरत्ननं नवी मोटरसायकल वरल्या आळीच्या पारापुढं उभी केली, एवढंच निमित्त झालं. बौद्धवाड्यातल्या पोराला माज आला म्हणत चौघांनी त्याला काठ्यांनी मरेस्तोवर मारलं. टळटळीत दुपार होती, धनाजी हाकेच्या अंतरावर होता. पोलिसांना मात्र त्यानं सांगितलं, मी पाठमोरा होतो, कोण होतं ते दिसलं नाही. दिसेल कसं? त्याच चौघांच्या रानात त्याच्या बापाची मेंढरं बसायची. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार! मेंढरं वाचली, माणूस मेला.

सांगलीहून आलेला दिग्विजय डोळे पुसत म्हणाला, "लय हसवायचा रं गड्या. भांडी घासायची पाळी आली की मुद्दाम बेसूर गायचा."

राजरत्नची बहीण साक्षी भिंतीला टेकून बसली होती. "गाणी आठवा तुमी," ती म्हणाली. "मार खाताना कुणाला हाका मारत हुता, ते बी आठवा की."

"मी हितं नव्हतो गं," दिग्विजय म्हणाला, आणि त्याची नजर धनाजीकडं गेली.

'धन्या, धन्या' अशाच हाका होत्या त्या. धनाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास राजरत्नच्या आईपुढं, आक्काताईपुढं धरला. निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मावशी, एवढा घास घ्या. पोटात कायच न्हाई तुमच्या."

आक्काताईनं घासाकडं पाहिलंही नाही. "उद्या पोलिसांत चौघांची नावं सांगशील?"

"मावशी, आवं... आबाची मेंढरं हायती. रान बंद केलं तर न्यायची कुठं?"

 म्हातारीनं हात पुढं करून त्याच्या बोटांतला घास घेतला. धनाजीचा जीव भांड्यात पडला.

तिनं तो घास त्याच्याच तोंडात घातला.

"खा बाळा," ती म्हणाली. "तोंड भरलं की बोलावं लागत न्हाई."

सगळ्यांच्या देखत धनाजीनं तो चावून गिळला.