सकाळचे धडे

व्हॅनमधला आरसा रोज दुपारी वाकडा व्हायचा आणि रोज सकाळी बाई तो सरळ करायच्या. "या आरशाला मेल्याला वळणच नाही," असं पुटपुटत त्या किल्ली फिरवायच्या, गाडी खोकत खोकत सुरू व्हायची आणि मागच्या सीटवर मुंगी वही उघडून बसायची. खरं तर त्या आरशाचा काडीचा उपयोग नव्हता. मागच्या सीटच्या पाठीला केबिनची भिंत होती, त्यामुळे सरळ केलेल्या आरशात रस्ता नव्हे, भिंतच दिसायची. पण वस्तू जागच्या जागी आणि सरळ असली पाहिजे, हा बाईंचा स्वभाव. आणि आरसा आपोआप वाकडा कसा होईल, हा प्रश्न त्यांना दोन वर्षांत एकदाही पडला नाही. गाडी जुनी होती, आणि जुन्या गाडीवर कशाचंही खापर फोडता येतं.

शाळाशाळांतून त्यांना कानवाल्या बाई म्हणत. खात्याने व्हॅन दिली होती, व्हॅनमध्ये जाड दाराची, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारी केबिन होती आणि केबिनमध्ये सूर काढणारं मशीन. एका शाळेत चार दिवस, पुढच्या शाळेत आठ दिवस, असं वर्षभर फिरत मुलांचे कान तपासायचे. मुलाच्या कानाला हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. बारीकसा सूर ऐकू आला की मुलाने बटण दाबायचं, मशीनवर दिवा लागला की बाईंनी फॉर्मवर खूण करायची. ज्याचा दिवा लागणार नाही, त्याच्या घरी चिठ्ठी जायची. कामात बाईंचा हात कोणी धरू शकलं नसतं. मूल खोटं बटण दाबतंय की खरं, हे आपल्याला त्याच्या पाठीवरून कळतं, असं त्या अभिमानाने सांगत.

मुंगी ही त्यांची लेक. सतत कशाच्या तरी मागे लागलेली असायची, म्हणून मुंगी. नऊ संपून दहावं लागलं होतं, आणि इतक्या शाळांच्या आवारात राहून ती एकाही शाळेत जात नव्हती. तिच्या वडिलांनी दुसरा संसार मांडल्याला सहा वर्षं झाली होती. बाईंपुढे दोनच वाटा होत्या, मुलीला बहिणीकडे ठेवायचं किंवा बरोबर घ्यायचं. त्यांनी बरोबर घेतलं आणि मग, माणूस करतो तसं, अडचणीचं तत्त्व करून टाकलं. शाळेत मुलं काय शिकतात, रांगेत उभं राहायला. माझी मुलगी तिला हवं ते, हवं तेव्हा, तिचं ती शिकेल. जग फिरून शिकेल. आपण फक्त बरोबर असायचं.

आणि ती शिकतही होती, हे कोणालाही कबूल करावं लागलं असतं. वर्षातून एकदा लेखी परीक्षा द्यावी लागायची, त्यात ती तिच्या वयाच्या मुलांच्या दोन पावलं पुढेच असायची. पुलांची चित्रं काढायची, गावागावांतल्या विहिरींची खोली दोरी सोडून मोजायची. पक्ष्यांची तर तिची वेगळी वहीच होती. घरात, म्हणजे गाडीत, एकच नियम होता. अडलं की आधी आपली आपण वाट काढायची. अगदीच नाही निघाली, तर आईला विचारायचं. हल्ली मुंगी विचारायला फारशी येत नसे. बाईंना त्याचं कोण कौतुक.

शिकवणं म्हणाल तर ते रस्त्यावर. सकाळी जाताना तास-दीड तास आणि दुपारी मुक्कामावर परतताना तेवढाच वेळ बाई गाडी चालवत बोलत. नद्या कुठून निघतात, राजे कशावरून भांडले, पाव आणि अर्धा मिळून पाऊण का होतो. नजर रस्त्यावर आणि तोंड चालू. मागून उत्तर येत नसे, पण मुंगी आहेच तशी, ऐकते आणि मनात ठेवते, असं त्या धरून चालत.

बहीण फोनवर तक्रार करायची, "तुझी मुलगी शिष्ट झालीये हं. मी काही विचारलं की नुसतं हं हं करते आणि फोन तुझ्याकडे देते. चार मुलांत बसू दे तिला जरा."

"ती विचार करते गं," बाई म्हणायच्या. "तुमच्यासारखी तोंडाची टकळी नाही तिच्या."

आता हे सगळं मागे वळून सांगताना सोपं वाटतं. चालू असताना कुठल्याही आईला सोपं नसतं.

त्या दिवशीची शाळा टेकडीखाली होती. नव्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंची एक पद्धत असे. मुलं घाबरू नयेत म्हणून मशीन वर्गातल्या टेबलावर मांडायचं, मुंगीला समोर खुर्चीत बसवायचं आणि सगळ्यांदेखत तिचे कान तपासून दाखवायचे. खऱ्या तपासणीत मूल पाठमोरं बसवतात, म्हणजे त्याला तपासणाऱ्याचे हात दिसत नाहीत. पण हे तर नुसतं दाखवायचं होतं, मुंगीचा चेहरा मुलांना दिसायला हवा, म्हणून ती बाईंच्या समोर तोंड करून बसे. असं दोन-तीनशे वेळा तरी झालं असेल. सूर सोडला की मुंगीचं बटण, दिवा, मुलांचं कुतूहल.

"बघा, हिच्यासारखं करायचं," बाईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं. नऊ सूर सोडले, नऊ वेळा दिवा लागला. मग मशीन उचलून केबिनमध्ये नेलं आणि पहिला मुलगा आत घेतला.

त्याचा दिवा लागेना. हा सर्दी झालेला असेल, असं म्हणून बाईंनी दुसरी मुलगी घेतली. तिचाही लागेना. तिसरा पोरगा तर सरळ म्हणाला, "बाई, तुमचं मशीन मुकं आहे." बाईंनी मागे हात घातला, तर हेडफोनची पिन मशीनमध्ये नव्हतीच. आदल्या संध्याकाळी पुसताना काढून ठेवलेली वायर तशीच मशीनच्या मागे लोंबत होती.

"माझंच डोकं ठिकाणावर नाही," असं म्हणून त्या हसल्या, पिन खोचली आणि तिन्ही मुलांना पुन्हा तपासलं. सगळे ठणठणीत. चौथं मूल आत आलं, बाईंनी त्याच्या कानाला हेडफोन लावला, बटण हातात दिलं, आणि त्यांचं बोट मशीनवरच थांबलं.

पिन सकाळपासून बाहेर होती. मग मुंगीने काय ऐकलं?

त्या दिवशी अजून बेचाळीस मुलं व्हायची होती. बाईंनी बेचाळीसही केली, एकाही फॉर्मवर खूण चुकली नाही. त्यांना नंतर याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

शाळा सुटल्यावर त्यांनी मुंगीला केबिनमध्ये बोलावलं, पाठमोरं बसवलं आणि दार लावलं. मुलांना ज्या आवाजावर तपासतात तिथून सुरुवात केली. दिवा लागला नाही. एक पायरी वाढवली, आणखी एक, आणखी एक. सामान्य माणूस कान झाकून घेईल एवढ्या आवाजाला मुंगीचं बटण कसंबसं दाबलं गेलं, तेही जाड सुराला. बारीक सुरांना मशीन जाईल तेवढं वर गेलं तरी दिवा लागला नाही. बाईंनी मशीन बंद केलं, तिच्या मागे जाऊन हेडफोन काढला आणि साध्या आवाजात हाक मारली, "मुंगे." मुंगी समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत, हातातलं बटण सावरून, पुढच्या सुराची वाट बघत बसली होती.

बाई पुढे येऊन तिच्यासमोर खाली बसल्या. "तू शाळेत बटण कसं दाबतेस गं?"

"तुझा खांदा खाली येतो ना," मुंगी म्हणाली. "डावा. आणि तू ओठ मिटतेस."

"आणि सूर?"

"आधी यायचा. मग बारीक झाला. मग येईनासा झाला." ती जरा घुटमळली. "मला वाटलं, मी मोठी होतेय म्हणून तू अवघड करत चाललीयेस. मग मी माझी वाट काढली."

तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, थोडी शाबासकीची वाट. बाईंना रडता येईना आणि शाबासकीही देता येईना. त्यांनी तिला पोटाशी घेतलं, आणि तिच्या केसांत तोंड खुपसून "माझं चुकलं, माझं चुकलं" म्हणत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की असं तोंड लपवून बोललेलं तिला काहीच कळणार नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पक्ष्यांची वही काढली. सातव्या वर्षीच्या पानांवर प्रत्येक पक्ष्याखाली त्याचा आवाज लिहिलेला होता. 'टिक टिक टिक, मग थांबतो.' 'दार करकरल्यासारखा.' आठव्या वर्षी आवाज कमी कमी होत गेले. पुढच्या पानांवर रंग होते, चोचीचा बाक होता, शेपटी किती वेळा हलते ते होतं, आवाज एकही नव्हता. ही पानं बाईंनी बहिणीला फोटो काढून पाठवली होती. "बघ, निरीक्षण किती वाढलंय पोरीचं," असं वर लिहून.

कानाच्या डॉक्टरीण बाईंनी तीन तपासण्या केल्या आणि कागद समोर ठेवून म्हणाल्या, "नस क्षीण होत गेलीये, हळूहळू. जे गेलं ते परत यायचं नाही. कानात यंत्रं बसवू, उरलंय ते वापरता येईल. बारीक आवाज मात्र आता कठीण आहेत." मग त्यांनी चष्मा काढला. "दोन वर्षं आधी आणली असती तर शब्द ओळखायची सवय टिकली असती. एवढा उशीर कसा झाला? शाळेत कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"ती शाळेत जात नाही."

"तरीच. शाळेत कान तपासायला बाई येतात हल्ली. त्यांनी पहिल्याच फेरीत पकडलं असतं."

"मीच ती बाई," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीण बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि बराच वेळ कागदावर नसलेलं काहीतरी वाचत राहिल्या.

आठवड्यातून तीनदा शिकवणी लागणार होती, ऐकण्याची आणि बोलण्याची, आणि ती एकाच जागी राहून. बाईंनी बसल्या जागेच्या कामासाठी अर्ज केला. तो मंजूर व्हायला किती महिने लागतील ते खात्यालाच ठाऊक. तोवर मुंगी मावशीकडे राहणार, तिथल्या शाळेत जाणार, आणि बाई सुट्टीच्या दिवशी येणार. मावशी फोनवर एका शब्दानेही टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

निघायच्या सकाळी मुंगीची बॅग, पुलांची चित्रं आणि वह्या गाडीत ठेवून झाल्या. गाडीच्या खडखडाटात कानातली यंत्रं नुसतीच गरगरतात, म्हणून ती मुंगीने काढून डबीत ठेवली. बाई पुढे बसल्या आणि सवयीने त्यांचा हात आरशाकडे गेला. आरसा आजही वाकडा होता. त्यांनी बोटं लावली आणि आत बघितलं. आत भिंत नव्हती. मागच्या सीटवरचे मुंगीचे डोळे होते, आणि ते बाईंच्या तोंडाकडे लागलेले होते.

बाईंनी हात मागे घेतला आणि वळून बसल्या. "आरसा तू वाकवायचीस?"

"हो. तू मशीन आवरतेस ना दुपारी, तेव्हा. मग त्यात तुझं तोंड दिसतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू सकाळी सरळ करायचीस. मला वाटलं, तुला तो तसाच लागतो." मुंगी वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. "दुपारचं मला सगळं येतं. नद्या, आणि सूर्य, आणि तो राजा, भावाशी भांडलेला."

"आणि सकाळचं?"

मुंगीने मान हलवली. "सकाळचं राहिलं."

बाई पुन्हा पुढे वळल्या. त्यांना दोन वर्षांच्या सकाळी आठवत होत्या. काय काय सांगितलं होतं त्यांनी भिंतीला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते मुंगीला आरशात दिसत असणार, हे ठाऊक असूनही त्यांनी तोंड फिरवलं नाही.

मावशीचं घर चार तासांवर होतं. चार तासांत तेवढ्या सकाळी बसणार नव्हत्या. बाईंनी पदराने डोळे पुसले, आरसा आणखी थोडा वाकवला, मुंगीला नीट दिसतंय का ते विचारलं, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर शब्द सावकाश उच्चारत पहिल्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.