खाली आवाज जाईल असा व्यायाम

माणसं तब्येतीसाठी व्यायाम निवडतात. कुणी डॉक्टरांनी दम दिला म्हणून निवडतं, कुणी जुने कपडे होईनात म्हणून. मी निवडला तो खालच्या मजल्यावरच्या सरांचा सूड घ्यायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शिस्तीची, चिकाटीची वगैरे मुलगी समजायला नको.

सर आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि राहतात बरोबर आमच्या खाली. आमच्या बाहेरच्या खोलीखाली त्यांची बाहेरची खोली. गेल्या वर्षी एका कंपनीने त्यांना ऑनलाइन कोर्स करायला सांगितला, घरच्या घरी करता येतील अशा प्रयोगांचा. सरांचं बोलणं छान, पण हाताला काही येत नाही. बल्ब बदलायचा असला तर ते खुर्चीवर चढतात आणि खुर्चीवरून मला हाक मारतात. त्यामुळे वर्षभर कॉलेज सुटलं की सॅक टाकायची आणि खाली पळायचं, असं माझं चाललं होतं. सायकलच्या स्पोकचा लंबक माझा. बागेच्या पाइपमधून आवाज पाठवायची युक्ती माझी. आधी काय दाखवायचं, कुठे थांबायचं, मुलांना कोणता प्रश्न टाकायचा, कोर्सच्या दोन्ही भागांचं सगळं मी बसवलं. सरांच्या छताला पंख्याचा जुना हुक होता, त्याला माईकसुद्धा मीच टांगला, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. रेकॉर्डिंगच्या आधी ती करकरणारी खिडकी ओढून घ्यायची, हेही त्यांना मीच शिकवलं.

"तू माझा उजवा हात आहेस," सर म्हणायचे. "कोर्सवर आपल्या दोघांची नावं लावतो बघ."

त्या नावावर माझं सगळं अवलंबून होतं. विज्ञानाची उपकरणं बनवायला शिकवणारी एक संस्था आहे, मला तिथे जायचं होतं. तिथे गुणांना कुणी विचारत नाही. तुम्ही काय बनवलंत आणि त्यावर तुमचं नाव आहे का, एवढंच बघतात. आमच्या कॉलेजातून एकाच विद्यार्थ्याचा अर्ज जातो आणि तो कुणाचा पाठवायचा हे सर ठरवतात.

कोर्सचा पहिला भाग आला त्या दिवशी आई बेकरीतून लवकर आली. दिवसभर भट्टीपुढे उभी राहणारी बाई, पण बसली नाही. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि उभ्यानेच बघत राहिली. शेवटी नावं आली. संकल्पना आणि मांडणी, सर. प्रयोग आणि उपकरणं, सरांचा भाचा.

भाचा! वर्षभर मामाकडे फक्त जेवायला येणारा. एकदा माझा लंबक पायाने उडवून "हे काय मध्येच ठेवलंय?" असं विचारणारा. माझ्याच वर्गात होता आणि त्यालाही त्याच संस्थेत जायचं होतं.

"तुझं नाव राहिलं वाटतं चुकून," आई म्हणाली. तिच्या लेखी सर म्हणजे देवमाणूस.

मी खाली गेले. सरांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"अगं, प्रयोगांसाठी कंपनीला एकच नाव हवं होतं. तुझी मदत मी विसरलेलो नाही. पण मदत म्हणजे मदतच, नाही का? आणि तू हुशार आहेस, तुला कुठेही जागा मिळेल. त्याचं तसं नाही ना."

म्हणजे मी हुशार होते हा माझा गुन्हा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र "बरं, सर" एवढंच निघालं, आणि त्याचा राग मला सरांवरच्या रागापेक्षा जास्त आला. वर आले आणि खोलीच्या मधोमध सॅक दाणकन आपटली.

तेवढ्यात खालची खिडकी उघडली. "काय पडलं रे?" सरांचा आवाज. मग पुन्हा करकर, खिडकी बंद. कोर्सच्या दुसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग सुरू झालं होतं. मी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. मी उभी होते ती जागा त्या हुकाच्या बरोबर वर होती.

त्या संध्याकाळी मला फार दिवसांनी छान भूक लागली.

आता रोज सॅक आपटणारी मुलगी म्हणजे भांडखोर मुलगी, तिची तक्रार होते. पण व्यायाम करणारी मुलगी म्हणजे गुणी मुलगी. तिच्या विरोधात तोंड कोण उघडणार? म्हणून मी ऑनलाइन व्यायाम शोधायला बसले. बसले म्हणजे काय, वेळ होता कुठे! सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम. मशीन गरम होईपर्यंत जेवढं बघता येईल तेवढं बघायचे.

व्यस्त विद्यार्थ्यांसाठी म्हणून ढीगभर प्रोग्रॅम होते आणि सगळे मेले सज्जन. 'फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी खास.' 'आवाज नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही.' एकाने चटईवर आडवं पडून पाय हळूच उचलायला लावले, त्याला मी पहिल्याच मिनिटात बंद केलं. एका गोड बाईने सगळा वेळ नुसता श्वास घ्यायला लावला. माझ्या श्वासाला काही झालं नव्हतं. शेवटी एका प्रोग्रॅमच्या मदतकक्षाला मी सरळच लिहिलं, "यात उड्या किती आहेत?"

"काळजी नको ताई," पलीकडून उत्तर आलं. "उड्या टाळायच्या असतील तर सोपा पर्याय आहे."

"टाळायच्या नाहीत. जास्त हव्या आहेत."

मग एक दुवा आला आणि खाली फक्त "शुभेच्छा".

तिथे मला डरकाळीबाई भेटल्या. त्यांचं खरं नाव काहीतरी होतं, पण ज्या पद्धतीने त्या "उडा, पोरींनो, उडा!" म्हणत त्यापुढे ते टिकलं नाही. त्यांच्या व्यायामात माणूस जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. शिवाय हवा तेव्हा लावायचा, हवा तेव्हा थांबवायचा. सर कॉलेजात असले की मीही कॉलेजात, ते घरी आले की मीही घरी. सोय अशी की जणू कुणी माझ्यासाठीच बनवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई कामावर गेली. खाली खिडकी करकरली. मी बूट घातले, हुकाच्या वर उभी राहिले आणि उडाले.

आणि मेले! चार उड्यांत छातीचा भाता, पायांचे गोळे, डोळ्यांपुढे काजवे. फरशीवर बसकण मारली तेव्हा खालून सरांचा आवाज शांतपणे पुढे सुरू झालेला ऐकू आला. त्यांनी फक्त मी दमायची वाट पाहिली होती. हे माझ्या फार जिव्हारी लागलं. सूड घ्यायचा तर दम लागतो, आणि माझ्याकडे नेमका तोच नव्हता.

मग मी खरोखरच इरेला पेटले. पाय दुखायचे, कॉलेजचा जिना उतरताना कठड्याला लोंबकळत यायचे. उठवत नसलं की कोर्स उघडायचा, शेवटी जायचं आणि भाच्याचं नाव वाचायचं. दुसरं काही लागायचं नाही, अंथरूण आपोआप सुटायचं. हळूहळू मी सरांच्या पहिल्या वाक्यापर्यंत टिकू लागले, मग पहिल्या प्रयोगापर्यंत. सर थांबले की मी थांबायचे आणि पाणी प्यायचे. "तर विद्यार्थ्यांनो," असं खालून आलं की पुन्हा धप. एकदा डरकाळीबाईंच्या थेट वर्गात मी कॅमेरा लावला, तर त्या सगळ्यांना थांबवून म्हणाल्या, "हिच्या तोंडाकडे बघा! असं मन लावून करायचं असतं." मी मन लावूनच करत होते, त्यात खोटं काही नाही.

खाली सरांच्या नाकी नऊ आले होते. जिन्यावरून येताजाता दाराच्या फटीतून मला दिसायचं. भाचा भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवत होता. मग दाराला गाद्या आल्या, खिडकीला ब्लँकेट आलं. भिंती, दारं, खिडक्या, सगळीकडे बुजवाबुजवी झाली, पण डोक्यावर बघायचं कुणाला सुचलं नाही. सगळी थरथर त्या हुकातून सरळ माईकमध्ये उतरत होती. माईक काढून टेबलावर ठेवला असता तर निम्म्याहून जास्त आवाज गेला असता. पण तो कसा काढायचा हे फक्त उजव्या हाताला माहीत होतं.

एका रविवारी सर वर आले. दार आईने उघडलं.

"या ना सर, बसा. चहा टाकते."

"चहा नको, वहिनी. जरा हिच्याशी... म्हणजे हिचा व्यायाम जोरात चाललाय म्हणे."

"हो ना!" आईचा चेहरा फुलला. "किती वर्षं मागे लागले होते. आता बघा, आपणहून उठते. तुमच्यासारख्यांचंच वळण हो."

"छान आहे. फक्त ती वेळ जरा... कॉलेजच्या जिममध्ये मी सांगून ठेवतो हवं तर."

"ऑनलाइन आहे सर," मी म्हणाले. "घरीच करायचा असतो. तुम्हाला त्रास होतो का? कशात होतो? दुसऱ्या भागाचे प्रयोग तर भाचा बघतोय ना, अडत असेल तर त्याला विचारा की."

सर चहा न पिताच गेले. दार लागल्यावर आई माझ्याकडे वळली.

"आता खरं सांग. तू जन्मात कधी कुरकुर न करता जिना चढली नाहीस. हे उड्यांचं काय आहे?"

मी सगळं सांगितलं. सांगताना मध्येच रडूही आलं, ते इतके दिवस कुठे बसलं होतं कोण जाणे. तो नुसता राग नव्हता. मला खरंच वाटलं होतं की ते माझं नाव लावतील. आईने ऐकून घेतलं. ती सरांना शिव्या देईल, निदान तोंड वाकडं करेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "आणि मी त्या माणसाला तापात सूप करून पाठवत होते." मग उठून सरांसाठी मांडलेला कप तिने कपाटात सगळ्यात मागे ठेवून दिला.

त्याच आठवड्यात कंपनीने दुसरा भाग परत पाठवला. प्रत्येक धड्यात धपधप आहे, शनिवारपर्यंत स्वच्छ आवाजात द्या, नाहीतर कोर्स दुसऱ्याला देऊ, असं कळवलं. हे मला सरांनीच सांगितलं. जिन्यात गाठून, हळू आवाजात. मी त्यांच्या खोलीत गेले. चहूकडे अंड्यांचे पुठ्ठे, मधोमध सर.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं. शेवटी एकदाचं.

"पहिल्या भागावरून भाच्याचं नाव काढा, माझं घाला. आत्ता, माझ्यासमोर कंपनीला कळवा. कॉलेजातून अर्जही माझाच जाईल, तेही संस्थेला कळवा. आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तुमच्या तोंडाने सांगायचं, प्रयोग कुणाचे आहेत ते."

"अगं, त्या मुलाचं भविष्य आहे."

"सर, माझंही होतं."

भाचा दारात उभा होता. सरांनी दोन्ही मेल लिहिले. मी मागे उभी राहून शब्दन् शब्द वाचला, एका ठिकाणी 'मदत' लिहिलं होतं ते खोडायला लावलं. मेल गेले. मग मी टेबलावरचा पंखा बंद केला, खिडकी ओढून घेतली आणि कॅमेरा सुरू केला. शनिवार उद्यावर आला होता.

सरांनी घसा साफ केला. "विद्यार्थ्यांनो, या कोर्समधले सगळे प्रयोग माझे नसून..."

धप!

सरांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्या समोर होते, दोन्ही पाय जमिनीवर.

"तू तर इथे आहेस."

"हो सर."

"मग वर कोण आहे?"

"आई. तिनेही तोच प्रोग्रॅम घेतलाय."

धप! धप! माझ्या उड्या त्यापुढे काहीच नव्हत्या. माईक हुकावर चक्क डुलत होता. सरांचा चेहरा पांढरा पडला. "तिला सांग ना जरा."

"सांगते ना. तुमचं वाक्य नीट आलं की सांगते. पुन्हा घेऊ या, सर. 'माझे नसून' इथपासून, जरा मोठ्याने."

सरांनी पुन्हा घेतलं, आणि पुन्हा. माझे नसून माझ्या विद्यार्थिनीचे आहेत. माझे नसून. माझे नसून. दारातल्या भाच्याला ते पाठ झालं असणार. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात होता आणि हुकावरचा माईक काढणं म्हणजे एका स्क्रूचं काम होतं. पण घाई नव्हती. आई दमली की थांबणारच होती, आणि भट्टीपुढे दिवसभर उभी राहणाऱ्या बाईला दमायची सवय नसते.