नॉर्बनं निवडलेल्या डिस्क

नॉर्बनं खोका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला तेव्हा आर्डिसला वाटलं, बिडाची कढई असणार. वजन तेवढंच होतं. उघडून बघते तर ब्रेकच्या दोन डिस्क, सोनेरी मुलाम्याच्या आणि अंगभर भोकं पाडलेल्या.

"तुझ्या वाढदिवसाची भेट," नॉर्ब म्हणाला. "दोन आठवडे वाचत होतो. भोकांतून वारा खेळतो, डिस्क थंड राहते. बरोबर ना? आणि या शनिवारी मीही येतो तुझ्याबरोबर."

आर्डिसनं एक डिस्क उचलून उजेडाला धरली. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली ही बाई. निवृत्त झाल्यावर तिनं एक जुनी दोन सीटची गाडी घेतली आणि महिन्यातला एक शनिवार रेसच्या ट्रॅकवर पळवायला लागली. तिच्या नवऱ्यानं, नॉर्बनं, त्या गाडीला सहा वर्षांत बोटसुद्धा लावलं नव्हतं. विमा कंपनीत जन्मभर अपघाताच्या गाड्या तपासलेला माणूस तो. त्याला गाडी म्हटलं की चेंदामेंदाच दिसायचा. ट्रॅकचा शनिवार उजाडला की गॅरेजकडे पाठ करून पेपर वाचत बसे. तोच आज आपणहून दुकानात जाऊन आला होता.

आणि आणलं काय, तर नेमकं नको ते. भोकांच्या डिस्क दिसायला देखण्या, गावातल्या रस्त्यावर चालूनही जातात. पण ट्रॅकवर दर वळणाआधी जीव खाऊन ब्रेक मारावा लागतो. डिस्क तापते, निवते, पुन्हा तापते आणि भोकांच्या कडेपासूनच तडकायला लागते. ट्रॅकवरचं शेंबडं पोरही सांगेल की साधी, सपाट, तव्यासारखी डिस्क घ्या आणि गप्प बसा. आर्डिस तीच वापरायची.

पण हे नॉर्बला सांगायचं कसं? तो "बरं" म्हणेल, खोका परत करेल आणि पुन्हा पेपरामागे जाऊन बसेल. ते तिला नको होतं. ट्रॅकवरून परतताना तिच्या पोटात शंभर गोष्टी असायच्या आणि घरी ऐकायला कोणी नसायचं. फार एकटं वाटायचं तिला तेव्हा.

शुक्रवारी दुपारी तिनं निमूटपणे नव्या डिस्क चढवल्या. जुन्या, त्यांच्या पॅडसकट, डिकीत टाकल्या.

शनिवारी सकाळी ट्रॅकवर गाड्यांच्या तपासणीला मर्ल होडेक होता. क्लबचा हा म्हातारा चाकाच्या फटीतून टॉर्च मारतो, डिस्कवरून नख फिरवतो आणि नख कुठं अडकलं की गाडी घरी पाठवतो.

"आर्डिस, तूसुद्धा?" तो ओरडला. "भोकांच्या? डोकं ठिकाणावर आहे ना?"

नॉर्ब तीन पावलांवर कॉफीचा कप घेऊन उभा होता.

"मीच निवडल्यात," आर्डिस घाईनं म्हणाली. "म्हटलं, जरा बदल."

"बदल म्हणे! नव्या आहेत म्हणून सोडतो. पण दर फेरीनंतर मला दाखवायच्या."

तिनं वळून पाहिलं तर नॉर्ब जागेवर नव्हता. तो शेडमागच्या कुंपणापाशी गेला होता. तडकलेली डिस्क तिथं तारेला टांगायची आणि तिच्यावर मालकाचं नाव रंगवायचं, ही क्लबची जुनी खोडी. नॉर्ब चष्मा नाकावर ओढून एकेक डिस्क तपासत होता.

"अकरा आहेत," तिची चाहूल लागताच तो म्हणाला. "त्यातल्या नऊ भोकांच्या. हा तडा या भोकातून निघाला, त्या भोकात गेला, तिथून थेट कडेला. तुला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी बसवल्यास?"

"तू आणल्यास म्हणून. आज हळूच चालवणार होते. ब्रेक तापूच द्यायचे नाहीत, असं ठरवलं होतं."

नॉर्बनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. संपलं, आर्डिसला वाटलं. आता हा घरी जायचं म्हणणार.

"मी हात जोडून सांगतो, हळू चालव बाई, तेव्हा ऐकत नाहीस," तो म्हणाला. "आणि या सोनेरी चाळण्यांसाठी हळू चालवणार?"

"चाळण्यांसाठी नाही रे. तुझ्यासाठी."

नॉर्बनं चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग म्हणाला, "जुन्या कुठायत?"

"डिकीत."

"आण. जॅकही आण."

इस्त्रीच्या पँटीनिशी तो तिच्याशेजारी डांबरावर गुडघे टेकून बसला. हा बोल्ट आधी का, तो किती आवळायचा, विचारून विचारून त्यानं तिला भंडावून सोडलं. पाऊण तास गेला, तिची पहिली फेरी हुकली. तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. मर्लनं पुन्हा नख फिरवलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या फेरीची हाक आली. आर्डिसनं हेल्मेट चढवलं. नॉर्बनं खिडकीतून वाकून तिचा पट्टा ओढून पाहिला. त्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते. त्याच हातांनी त्यानं पट्टा आणखी दोनदा ओढला.

"घाबरलायस?" तिनं विचारलं.

"सहा वर्षं घरात बसून घाबरलो," नॉर्ब म्हणाला. "आता इथं उभा राहून घाबरतो. जा तू."