माझी शेवटची कोरी पाने

मित्रांनो, माझ्या पोटात समुद्र आहे, पण मी तो कधी पाहिलेला नाही. मी एक जुनी कादंबरी. सारे आयुष्य नागपुरात गेले. पाणी म्हणाल तर सक्करदऱ्याचा तलाव, तोही वाचनालयाच्या खिडकीतून. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. तरी सांगते.

ज्यांनी मला लिहिले, ते तरुणपणी खरोखरच शिडाच्या जहाजावर स्वयंपाक्याचे मदतनीस म्हणून गेले होते. माझ्यातला 'मी' म्हणजे तेच. खारट पाण्याने चिरलेले हात, दोर ओढतानाची हाळी, गोड्या पाण्याचा पुरवून प्यायलेला घोट, हे काही घरात बसून सुचत नाही. मोठ्या लोकांनी माझी फार स्तुती केली. ती मला शोभते का, कोण जाणे; लिहिणाऱ्याच्या धाडसाला मात्र नक्की शोभते.

वाचनालयात मी पुष्कळ हात पाहिले. कोणी मला जेवतानाही सोडले नाही. माझ्या एका बेटावर अजून वरणाचा डाग आहे. पुढे शिवण उसवली, शेवटची पाने गळून गेली आणि माझी रवानगी रद्दीच्या गठ्ठ्यात झाली. तिथून मला बळीरामजींनी उचलले. ते रोज पेपर वाचायला येत.

बळीरामजी पूर्वी हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडला. आता ते बेसा भागात एका सोसायटीच्या फाटकावर राखणीला बसतात. त्यांनी मागाच्या उरलेल्या सुताने मला शिवले, घरच्या खळीने चिकटवले. विणलेले कापड कापून घेताना विणकर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे पूर्ण संपवत नाही. थोडे मागावर राखतो, म्हणजे नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधता येतो. त्याच सवयीने त्यांनी माझ्या शेवटी काही कोरी पाने शिवली. किती सुंदर हात होते ते!

त्यांची मुलगी नंदिनी मला वाचतच मोठी झाली. यंदा मालवाहू जहाजावरच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली. वडील तयार होते. आई, कांताबाई, तयार नव्हत्या. आणि आईने हो म्हटल्याशिवाय जायचे नाही, असे नंदिनीने ठरवले होते. तिने मला आईच्या हातात दिले.

"आई, हे वाच. हा मानूस खरंच गेला होता. खोटं नाही."

कांताबाई दुपारी कामे आटोपून मला वाचू लागल्या. जहाजावरच्या कच्च्या भाताला त्या खूप हसल्या. मग तुफान आले. डोलकाठी मोडली, स्वयंपाकघरात पाणी शिरले. त्यांनी पान उलटले. कोरे. आणखी एक उलटले. तेही कोरे.

"अवो, याच्यापुढं काहीच नाही!"

"पानं हरवली वं. मीच कोरी लावली."

"हरवली कायची! बुडाला तो. पोरगीच म्हणे ना, खरा मानूस आहे म्हणून? खरा होता, तं खराच बुडाला." त्यांनी मला फळीवर आपटले. "नंदे, नाही जायचं."

भरत आणलेली बॅग नंदिनीने पलंगाखाली सरकवली. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कितीजणांना मी घरबसल्या समुद्रावर नेले, आणि जिला खरोखर जायचे होते तिलाच अडवून बसले. ओरडून सांगावेसे वाटले. पण पुस्तकाला छापले तेवढेच बोलता येते.

दुसऱ्या दिवशी कांताबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बळीरामजी माझा निघालेला कोपरा चिकटवत होते.

"अवो, तुफानात त्यानं मिठाची बरणी पोटाशी धरली होती ना?"

"हो."

"बाकीचे सारे वरती होते. सैपाकघरात तो एकटाच."

"एकटाच. मंग?"

कांताबाईंचा हात थांबला. "मंग हे सांगितलं कोनं?"

"मले काहून इचारते? त्यालेच इचार."

"तोच तं सांगून राहिला!" त्यांच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "म्हणजे आला मेला परत! घरी येऊन बसला अन् मंग लिवलं! नंदे, ये वं इकडं!"

नंदिनी दारात आली.

"जाय तू. पन परत येऊन मले सारं सांगशील. सैपाकघरातलंसुद्धा."

आता नंदिनी समुद्रावर आहे. माझी जागा फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. कांताबाई अधूनमधून मला उघडतात आणि कोऱ्या पानांवरून हात फिरवून परत ठेवतात.

मित्रांनो, एखाद्या पुस्तकाचा शेवट हरवलेला दिसला, तर त्याला रद्दीत टाकू नका. त्याला दोन कोरी पाने शिवा आणि घरात ठेवा. ज्याने ते लिहिले, तो सांगायला परत आला होता.